ग्रुपात विचारलं, ग्रुपातच विरलं

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या मेंटेनन्सवाल्यांचा कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. ‘भाऊ, व्हीएफडी ट्रिप होऊन राहिला, काय करू?’ असा एखादा मेसेज सापडेलच. (व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह; ट्रिप म्हणजे दोष आल्यावर त्याचं आपोआप बंद पडणं.) खाली उत्तरं: ‘पॅरामीटर रिसेट करा’, ‘मोटर चेक करा’, ‘आपल्याकडेही सेम प्रॉब्लेम’, दोन अंगठे, एक व्हॉइस नोट. मग कुणीतरी अनुभवी माणूस विचारणाऱ्याला थेट फोन लावतो, दहा मिनिटांत दोष सापडतो, मशीन सुरू होतं. ग्रुपवर मात्र त्याबद्दल चकार शब्द येत नाही. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या शेडमधला दुसरा माणूस हाच प्रश्न याच शब्दांत विचारतो.

सोशल मीडियातून शिका, ओळखी वाढवा, हा उपदेश नागपुरात आता कॉलेजपासून व्यापारी संघटनांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. कार्यशाळा होतात, ग्रुप निघतात, प्रोफाइल सजतात. शिकणं मात्र फारसं होत नाही. अ‍ॅप वाईट आहे किंवा शहरात जाणकार नाहीत, असं काही नाही. प्रश्न अर्धा येतो आणि उपायाचा शेवट परत येत नाही, एवढ्या दोन गोष्टींत सगळं वाया जातं. त्या दुरुस्त करणं एकट्यादुकट्या सदस्याला झेपत नाही. ते काम ग्रुप चालवणाऱ्या संघटनांचं आणि कॉलेजांचं आहे, आणि आज त्या नेमकं हेच सोडून बाकी सगळं मोजत बसल्या आहेत.

आधी प्रश्नाचं बघू. वरच्या उदाहरणात पूर्ण प्रश्न कसा असेल? ड्राइव्हचा मेक आणि मॉडेल. डिस्प्लेवरचा फॉल्ट कोड, आहे तसा. मोटर किती किलोवॉटची, नेमप्लेटवर किती अँपिअर, ट्रिपच्या क्षणी ड्राइव्हवर किती दिसले. ट्रिप कधी होतो: सुरू होताना, वेग वाढताना, पूर्ण लोडवर की थांबताना. अ‍ॅक्सिलरेशन आणि डिसेलरेशन टाइम किती सेकंद. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत केबल किती मीटर. आणि शेवटी, आतापर्यंत काय करून पाहिलं आणि त्याने काय झालं. सात-आठ ओळींत मावतं हे सगळं.

या ओळी लिहिता लिहिताच निम्मं निदान होतं. थांबताना ओव्हरव्होल्टेज येत असेल तर डिसेलरेशन टाइम कमी पडतोय. मोटर जनरेटरसारखी वागून डीसी बसचा, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी सर्किटचा, विद्युतदाब वाढवते. सुरुवातीलाच ओव्हरकरंट असेल तर एकतर वेग फार घाईने चढवला जातोय किंवा यंत्र कुठेतरी जाम आहे. मोटरची केबल सोडून ड्राइव्ह रिकामा चालवला आणि तरीही ट्रिप झाला तर दोष ड्राइव्हच्या आत आहे. रिकामा नीट चालला तर संशय केबलवर आणि मोटरवर. केबल ऐंशी-शंभर मीटर असेल तर तिच्या चार्जिंग करंटमुळेही ट्रिप होतो आणि तिथे आउटपुट चोक (ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये बसवायची कॉइल) लागतो. म्हणजे ‘कधी’ आणि ‘किती’ हे दोन शब्द भरले की ग्रुपवरचे बहुतेक सल्ले आपोआप गळतात.

उत्तर अर्धं असलं तर प्रश्न अर्धा असण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. ‘मेगर मारून बघा’, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासा, हा सल्ला अगदी बरोबर आहे, पण त्याआधीचं वाक्य सहसा कुणी टाइप करत नाही: केबल ड्राइव्हच्या टर्मिनलवरून आधी सोडा. चारशे पंधरा व्होल्टच्या मोटरवर मेगर ५०० व्होल्टचा मारतात. ड्राइव्ह जोडलेला ठेवून तो मारला तर आतले सेमिकंडक्टर जळू शकतात. सांगणाऱ्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते सांगावं लागतं हेच त्याच्या ध्यानात येत नाही. समोर उभा असता तर त्याने हात धरून थांबवलं असतं. स्क्रीनवर हात धरता येत नाही, म्हणून तिथे क्रम लिहावा लागतो.

संत्र्याच्या बागांत हीच गोष्ट जास्त महाग पडते. काटोल-नरखेड भागातल्या बागायतदारांचे ग्रुप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याच्या) फळगळीने भरून वाहतात. फळगळीसाठी संजीवकाची, म्हणजे झाडाच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या औषधाची, जी शिफारस फिरते ती साधारण अशी: २,४-डी किंवा जिबरेलिक आम्ल १.५ ग्रॅम, सोबत युरिया १ किलो, १०० लिटर पाण्यात. म्हणजे संजीवक १५ पीपीएम, दहा लाख भागांत १५ भाग. आता हा मेसेज तीन ग्रुपांतून फिरून चौथ्यात पोहोचेपर्यंत ‘१०० लिटर पाण्यात’ हे शब्द गळतात आणि वाचणारा आपल्या सवयीने ‘प्रति लिटर’ धरतो. मात्रा शंभरपट झाली. २,४-डी हे मुळात तणनाशक आहे. १५ पीपीएमला ते फळ देठाला धरून ठेवायला मदत करतं, १,५०० पीपीएमला त्याच औषधाने लोक धुऱ्यावरचं तण मारतात. आणखी एक गोष्ट या मेसेजात कधीच नसते. कपाशी या औषधाला फार नाजूक आहे. संत्र्यावर फवारलेला पंप नीट न धुता शेजारच्या कपाशीत नेला, किंवा वाऱ्याने फवारा तिकडे गेला, तर पानं वाकडीतिकडी होतात आणि मग त्या पानांचा फोटो ‘हा कोणता व्हायरस?’ म्हणून दुसऱ्या ग्रुपवर येतो.

याच नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही. म्हणजे संत्र्याचं आणि कपाशीचं, दोन्हीचं उत्तर एका शहरात बसलेलं आहे. तरी शेतकऱ्याच्या फोनपर्यंत जे पोहोचतं ते तिसऱ्या हाताचं, एकक हरवलेलं. दोष शेतकऱ्याचा नाही. फॉरवर्ड केलेल्या मेसेजला मूळ लिहिणारा नसतो, तारीख नसते, कोणत्या बहारासाठी आणि किती वयाच्या झाडासाठी तेही नसतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा घातली ती अफवांसाठी. शेतीच्या मात्रेला ती काही वाचवू शकत नाही. तिथे ग्रुपचा नियमच हवा: मात्रा लिहिताना औषधाचं वजन, पाण्याचं माप, पीक, अवस्था आणि सांगणारा कोण या पाच गोष्टी नसतील तर अ‍ॅडमिनने मेसेज काढून टाकावा. भांडण होईल, दोघं-तिघं ग्रुप सोडतील. सोडू द्या.

फोटोंचंही एक शास्त्र आहे आणि ते फार कमी लोक पाळतात. पानाचा फोटो वरून आणि खालून असे दोन हवेत, कारण कोळशी या किडीची पिल्लं पानाखाली बसतात. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा. बुंध्यातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाचं कारण फांदीत शोधून सापडत नाही, ते कलमाच्या जोडाशी आणि मातीच्या ओळीत दिसतं. मापासाठी शेजारी एखादं नाणं ठेवा. नेहमीसारखा फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि बारीक ठिपके पुसले जातात; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो. पण सावध: डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फोटोत तो कुठे काढला त्याची जागाही दडलेली राहू शकते. बागेच्या फोटोला त्याने काही बिघडत नाही. कारखान्यातल्या पॅनेलच्या किंवा दवाखान्यातल्या एक्स-रेच्या फोटोला मात्र बिघडतं.

आता दुसरा दोष, उत्तर परत न येण्याचा. व्हॉट्सअ‍ॅप हे बोलण्यासाठी बनलेलं आहे, जपून ठेवण्यासाठी नाही. नव्याने आलेल्या सदस्याला जुनी चर्चा सहसा दिसत नाही. शोध घ्यावा तर तो टाइप केलेली अक्षरंच शोधतो. एकाने ‘ट्रिप’ देवनागरीत लिहिलं, दुसऱ्याने रोमन लिपीत, तिसऱ्याने ‘बंद पडून राहिला’ असं लिहिलं, चौथ्याने दोन मिनिटांची व्हॉइस नोट टाकली. शोधणाऱ्याच्या हाती यातला एखादाच लागतो. विदर्भातल्या ग्रुपांत व्हॉइस नोटचं प्रेम जरा जास्तच आहे. बोलायला सोपी, ऐकायला गोड, आणि सहा महिन्यांनी शोधायला अशक्य.

म्हणून प्रत्येक कामाच्या ग्रुपला एक नोंद ठेवणारा माणूस हवा. दर आठवड्याला वेगळा, पाळीपाळीने. त्याचं काम अर्ध्या तासाचं. आठवड्यातले सुटलेले प्रश्न तीन ते पाच, जास्त नाहीत. प्रत्येकाचे पाच रकाने: काय अडलं, परिस्थिती काय होती, काय केलं, काय झालं, किती दिवसांनी पुन्हा पाहिलं. शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि खरं मोल त्याचंच आहे. ड्राइव्ह त्या दिवशी चालू झाला म्हणजे दोष गेला असं नाही. पंधरा दिवस न अडखळता चालला तर उपाय बरोबर होता असं म्हणता येतं. वर शोधशब्द द्यायचे, देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही. ही नोंद सगळ्यांना वाचता येईल अशा गुगल डॉकमध्ये किंवा संघटनेच्या लिंक्डइन पानावर टाकायची आणि ग्रुपच्या वर्णनात तिचा दुवा चिकटवायचा. सल्ला देणाऱ्याचं नाव त्याला विचारून घालायचं. हे नाव फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येऊ.

‘अ‍ॅडमिन व्हायचं म्हणजे उद्या पोलिसांची कटकट’ ही भीती अनेक ज्येष्ठांना ग्रुप शिस्तीने चालवण्यापासून मागे ओढते. ती आता धरून बसायचं कारण उरलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा सामायिक हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याशिवाय, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणावर फौजदारी जबाबदारी येत नाही. तेव्हा गुड मॉर्निंगची फुलं आणि निवडणुकीचे फॉरवर्ड काढताना हात थरथरायला नकोत. आणि व्हॉट्सअ‍ॅप एका ग्रुपात १,०२४ माणसं घेऊ देतं म्हणून ती भरायचीच असंही नाही. साठ-सत्तरच्या पुढे गेलं की जाणकार बोलेनासे होतात, कारण कोण वाचतंय ते त्यांना कळत नाही.

ओळखींचा प्रश्न याला लागूनच आहे. नागपूरकराचं जाळं घट्ट असतं: एकाच कॉलेजचे, एकाच गल्लीचे, एकाच समाजाचे, फार तर मामेभावाच्या ओळखीचे. अडल्यानडल्याला धावून येणारं हे जाळं कुणी कमी लेखू नये. पण त्यातल्या सगळ्यांना साधारण एकच माहिती असते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. १९७३ च्या त्याच्या निबंधात उत्तर आहे: वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५६ टक्के, क्वचित भेटणारे २८ टक्के. दूरच्या ओळखी जास्त कामाच्या, हे तेव्हापासून सगळेच सांगतात.

हा निष्कर्ष मात्र आंधळेपणाने उचलायचा नाही. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. त्यात अगदी परक्या ओळखींपेक्षा मध्यम सैल ओळखी नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या. म्हणजे ज्यांच्याशी चार-दोन लोक सामायिक आहेत, पण रोजचं बोलणं नाही, अशा. त्याहून महत्त्वाचं, सैल ओळखींचा फायदा डिजिटल उद्योगांत जास्त दिसला, आणि जिथे संगणकाचं काम कमी तिथे घट्ट ओळखीच सरस ठरल्या. आपल्याकडच्या कार्यशाळांत हे कुणी सांगत नाही. मिहानमधल्या किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या सॉफ्टवेअरवाल्याने पुण्या-बंगळुरूच्या अर्धपरिचितांशी संपर्क ठेवावा, हे बरोबरच. पण हिंगण्यात फॅब्रिकेशनचं शेड चालवणाऱ्याला लिंक्डइनवर पाचशे माणसं जोडा असं सांगणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. त्याचं काम त्याला ओळखणारा स्टीलवाला, गॅल्व्हनायझिंगवाला आणि दोन जुने खरेदी अधिकारीच आणून देणार. त्याने त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा, आपण केलेल्या एका कामाचे चार फोटो आणि टॉलरन्स लिहून टाकावेत. बास.

ज्याला सैल ओळखी हव्यात त्याने संपर्काची विनंती कशी पाठवावी? कोरी पाठवू नये, आणि ‘आपलं मार्गदर्शन हवं’ असंही लिहू नये. मार्गदर्शन हा इतका मोठा शब्द आहे की समोरचा त्याच्या वजनानेच दचकतो. जागा दोनशे-तीनशे अक्षरांचीच असते. त्यात एक गोष्ट त्याच्या कामाची, एक आपल्या कामाची आणि एक प्रश्न ज्याचं उत्तर दोन ओळींत देता येईल. ‘नमस्कार सर. लांब केबलवरच्या ड्राइव्हबद्दलची आपली पोस्ट वाचली. आमची केबल ८० मीटर. आउटपुट चोक लावल्यावर ट्रिप थांबला, पण चोक फार तापतो. आपल्याकडेही असं होतं का?’ उत्तर आलं तर ते वापरून पाहायचं आणि पंधरा दिवसांत काय झालं ते कळवायचं, फसलं असलं तरी. ही कळवाकळवच पुढचं नातं बांधते. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण, मग सोडून द्यायचं. प्रोफाइलच्या नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मिळतात. तिथे ‘ध्येयवेडा, सतत शिकणारा’ असलं काही न लिहिता ‘इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, ड्राइव्ह आणि मोटर, स्पिनिंग मिल, बुटीबोरी’ लिहिलं तर शोधणाऱ्याला माणूस सापडतो.

आता कॉलेजांकडे येऊ, कारण सवयी तिथे लागतात. शहराभोवती अभियांत्रिकी कॉलेजं पसरली आहेत, आणि प्लेसमेंटच्या नावाखाली अंतिम वर्षाच्या पोरांना प्रोफाइल काढा, पाचशे कनेक्शन करा, प्रत्येक प्रमाणपत्र पोस्ट करा असं बजावण्याची पद्धत रुळली आहे. पाचशेच का? तर लिंक्डइन त्यापुढे आकडा दाखवत नाही, ‘५००+’ एवढंच दाखवतं. म्हणजे शिक्षणाचं उद्दिष्ट एका बटणाच्या रचनेने ठरवलं! परिणाम डोळ्यांसमोर आहे. एका वर्गातल्या साठ जणांनी एकमेकांनाच जोडलेलं, एकाच दोन तासांच्या वेबिनारची साठ प्रमाणपत्रं, साठही पोस्टमध्ये तेच इंग्रजी वाक्य की कळवताना फार आनंद होतो. भरती करणारा हे वाचत नाही. त्याला साठांत फरक दिसत नाही.

याऐवजी एकच पोस्ट सक्तीची करा: प्रकल्पात काय फसलं आणि का. समजा सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी मे महिन्यात ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब भरले. एम-२५ च्या (२८ दिवसांत २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या काँक्रीटच्या) १५० मिलिमीटरच्या क्यूबला ७ दिवसांत साधारण ६५ टक्के ताकद, म्हणजे १६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास यायला हवी, आली ११. कारण काय? नागपूरचं तापमान त्या दिवशी ४४ होतं. ४० अंशांच्या वरच्या काँक्रीटसाठी आयएस ७८६१ या भारतीय मानकात सांगितलेली वेगळी काळजी लागते, ती घेतली नव्हती. पाणी उडालं म्हणून मजुराने अंदाजाने वरून ओतलं. कन्हानच्या वाळूतली ओल मोजलीच नव्हती. क्यूबमध्ये तीन थर भरून प्रत्येकाला ३५ ठोके द्यायचे, ते २० वर थांबले. हे सगळं तारीख, वेळ, मिश्रणाचं प्रमाण आणि तुटलेल्या क्यूबच्या फोटोसह चारशे शब्दांत लिहिलं की साइटवरचा अनुभवी अभियंता थांबून वाचतो. तो खाली लिहितो, ‘बर्फाचं पाणी वापरून बघा, आणि ओतणं संध्याकाळी ठेवा.’ ओळख तिथे सुरू होते, आणि तीही अशी की समोरच्याला या पोराला काय येतं आणि काय येत नाही, दोन्ही माहीत आहे.

मार्गदर्शक प्राध्यापकांना हे आवडणार नाही, कारण फसलेला प्रयोग विभागाच्या नावाने उघड्यावर येतो. यशाचे रकाने भरायची सवय लागलेल्या संस्थांना अपयशाचा रकाना म्हणजे कमीपणा वाटतो. पण ज्याच्या क्यूबची ताकद कधीच कमी आली नाही, त्याने एकतर क्यूब भरलेच नाहीत किंवा आकडे भरले.

उघड्यावर लिहा असं सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणं अप्रामाणिक होईल. उघड्यावर विचारण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. मुलीने तांत्रिक प्रश्न टाकला की खाली दोन उत्तरं आणि इनबॉक्समध्ये दहा ‘हाय’ येतात. कंपनीत नव्याने लागलेल्या डिप्लोमावाल्याने ग्रुपवर साधा प्रश्न विचारला आणि त्याच ग्रुपात त्याचा साहेब असला, तर दुसऱ्या दिवशी टोमणा ठरलेला. म्हणून हे लोक विचारत नाहीत, आणि बाकीचे समजतात की त्यांना काही अडतच नाही. उपाय साधा आहे. संघटनेने एक गुगल फॉर्म ठेवावा, विनानावाचा. त्यात आलेला प्रश्न नोंद ठेवणारा आपल्या नावाने टाकतो. लिंक्डइनवर अनोळखी मेसेज कोण पाठवू शकेल ते सेटिंगमध्ये आवळता येतं, ते कार्यशाळेत पहिल्या दहा मिनिटांत शिकवावं. आणि ग्रुपमध्ये कुणी अशा प्रश्नाला हसला तर त्याला बाहेर काढणं हे अ‍ॅडमिनचं काम आहे, सदस्याने सोसायचं काम नाही.

काय लिहू नये, याची हद्दही कामागणिक वेगळी. कारखान्यात ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, उत्पादनाचे आकडे, नेमप्लेटचा अनुक्रमांक, हे झाकायचं. पद्धत आणि दोष लिहायला हरकत नसते, पण नोकरीच्या करारातलं गुप्ततेचं कलम आधी वाचा. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत किंवा स्फोटकांच्या कारखान्यात काम करणाऱ्याने कामाच्या जागेचा फोटोच काढायचा नाही, आणि अचानक फार आपुलकीने चौकशी करणाऱ्या परक्या प्रोफाइलला उत्तरही द्यायचं नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या ग्रुपांवर ईसीजी आणि एक्स-रे रोज फिरतात आणि त्यातून रुग्णांचं भलंही होतं. पण फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव, वय, नोंदणी क्रमांक आणि त्वचेवरचं गोंदण कापल्याशिवाय ते पाठवू नये. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरने डॉक्टरला विचारलं तरी उपचाराची जबाबदारी रुग्ण पाहणाऱ्यावरच राहते. ‘ग्रुपवर सरांनी सांगितलं’ हा बचाव होत नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी जाहिरातीला मनाई आहे. निकालाचं विश्लेषण लिहिता येतं, खाली ‘संपर्क करा’ म्हणून नंबर टाकला की गोष्ट बदलते. नोकरी लावून देतो म्हणून नोंदणीचे पैसे मागणाऱ्या टेलिग्रामवाल्यांबद्दल एवढंच: पैसे द्यायचे नाहीत, गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करायचा.

शिकण्यासाठी काढलेल्या ग्रुपबद्दल आमचं मत जरा टोकाचं आहे: त्याला मरणाची तारीख जन्मतःच द्यावी. एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) बारा आठवड्यांचा एखादा अभ्यासक्रम घ्या. आठ ते बारा जण पुरेत. त्यात १२ असाइनमेंटपैकी सर्वोत्तम ८ मोजतात, त्यांना २५ टक्के वजन, परीक्षेला ७५. दर आठवड्याला असाइनमेंटच्या अंतिम तारखेच्या दोन दिवस आधी एकाने न समजलेला एक मुद्दा मांडायचा आणि दुसऱ्याने आपल्या कामातलं उदाहरण द्यायचं. तयार उत्तरं टाकायची नाहीत. परीक्षा झाली की नोंद बाहेर काढून ग्रुप बंद. चालू ठेवला तर तिसऱ्या महिन्यात त्याचा वाढदिवसाचा ग्रुप होतो.

सगळ्यात जोरदार आक्षेप सल्लागारांकडून येतो: सगळं फुकटात लिहून दिलं तर आम्ही खायचं काय? आक्षेप खोटा नाही. पण ग्राहक पैसे देतो ते तुम्ही येऊन, पाहून, जबाबदारी घेऊन सही करता त्याचे. लांब केबलला चोक लागतो ही माहिती उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये आधीपासून आहे. नोंदीत सल्ला देणाऱ्याचं नाव घालायचा आग्रह याचसाठी. पाच सुटलेल्या दोषांखाली एकाच माणसाचं नाव वाचलं की सहाव्या वेळी फोन त्यालाच जातो. आज ते श्रेय व्हॉइस नोटमध्ये बुडतं.

वेळेचा आक्षेप जास्त खरा आहे. अर्धा तास कोण देणार? स्वयंसेवेवर हे तीन महिने चालतं, मग थांबतं. म्हणून विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे पगारी काम मानावं: डिप्लोमाच्या किंवा कृषी पदविकेच्या एका विद्यार्थ्याला आठवड्याला चार तासांचं मानधन आणि त्यावर नजर ठेवायला एक जाणकार. वार्षिक स्नेहमेळाव्याच्या मंडपापेक्षा हा खर्च कमी आहे. रक्त हवंय, साप चावलाय, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुंकतोय अशा ग्रुपांना मात्र यातलं काहीही लावू नये. तिथे अर्धा प्रश्नही चालतो, फोन आधी, नोंद मागाहून.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर संत्र्यापासून. गेल्या हंगामातल्या फळगळीच्या चर्चा अजून लोकांच्या फोनमध्ये आहेत. त्यातून एकक, वय, बहार आणि परिणाम असलेल्या वीस नोंदी निवडायच्या, त्या संशोधन संस्थेतल्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायच्या, आणि जुलै संपायच्या आत मराठीत एका पानावर ठेवायच्या, कारण ऑगस्टच्या पहिल्या झडीनंतर पहिला ‘फळं गळून राहिली, काय फवारू?’ येणारच आहे.